चारशे ग्रॅमची तूट

माझ्या हाताखालून कोणी उपाशी गेलंय असं सांगणारा माणूस अख्ख्या धरणगावात शोधून दाखवा. सापडणार नाही! धाकट्या दिराच्या लग्नात सहाशे पानं मी एकटीने उठवली होती, तीही ऐन पंगतीत गॅस संपलेला असताना. त्यामुळे शाळेतले कुंदन सर दारात येऊन म्हणाले की अक्का, धुळ्याला खान्देश क्रीडा महोत्सव आहे, कराटेला आपली एक मुलगी आहे, मुलीबरोबर व्यवस्थापक म्हणून एक बाई लागते, तुम्ही याल का, तेव्हा मी पदराला हात पुसत म्हटलं, "एका मुलीची व्यवस्था? सर, त्यात असं काय करायचं असतं?"

हा प्रश्न मी उत्तर ऐकायला म्हणून विचारायला हवा होता. पण मी तो विचारला आणि लगेच चहा टाकायला आत गेले.

मुलगी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी सबा. तिचे वडील जब्बारभाई गाद्या-रजया भरतात. पोरगी पाचवीपासून कुंदन सरांकडे कराटे शिकते. अंगाने काडी, पण लाथ अशी की हवेला दुखावं. गेल्या वर्षी जळगावला शेवटच्या लढतीत धुळ्याच्या कामिनी नावाच्या मुलीने तिला एका गुणाने हरवलं, आणि तेही दोन सेकंद उरलेले असताना. तेव्हापासून आमच्या गल्लीला कामिनीशिवाय दुसरा विषय नाही. जब्बारभाईंनी जुना कापूस ठासून माणसाच्या उंचीची एक गादी शिवली, ती लिंबाला टांगली, आणि सबाने तिच्यावर खडूने नाव लिहिलं, कामिनी. रोज पहाटे त्या गादीला लाथा बसायला लागल्या की माझ्या मांडणीवरची भांडी वाजायची. सबाची आई सकीना कधी नवऱ्यावर चिडली तर जाताजाता तीही कामिनीला एक धपका देऊन जायची. मी स्वतः वाळवणाच्या काठीने कामिनीला दोनदा झोडलंय, खोटं कशाला सांगू.

आणि यंदाची भेट शेवटची होती. दिवाळीनंतर कामिनीच्या घरचे कायमचे सुरतेला जाणार अशी पक्की बातमी होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. निघायच्या आदल्या दिवशी सबा मला म्हणाली, "अक्का, मला पदक नाही मिळालं तरी चालेल. फक्त एकदा तिच्यासमोर उभं राहायचंय."

एवढंच तिचं मागणं होतं. आता त्या मागण्याचं मी काय केलं ते ऐका.

माझे मालक अभिमनराव बावीस वर्षं एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर आहेत. बावीस वर्षं आमच्या ताटावर भाजीच्या आधी एकच दुःख वाढलं जातं, की आज अमक्याचं वजन कमी भरलं, तमक्याच्या गाडीत तूट आली. वजन जास्त भरलं म्हणून कोणी रडत घरी गेल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. सरांनी दिलेल्या कागदावर मी वाचलं, 'गट: ४८ किलो'. सबाला अभिमनरावांच्या काट्यावर उभं केलं. आकडा आला सत्तेचाळीस किलो सहाशे.

चारशे ग्रॅमची तूट!

अभिमनरावांनी आकडा पाहिला, सबाकडे पाहिलं आणि म्हणाले, "माल सुका आहे." बस. यापलीकडे त्यांनी या प्रकरणात काही योगदान दिलेलं नाही.

सर मुलांचा संघ घेऊन आदल्या दिवशीच धुळ्याला गेले होते. मी फोन करून आकडा सांगितला. ते खूश झाल्यासारखे वाटले. म्हणाले, फक्त वजनाकडे लक्ष ठेवा. मी म्हटलं, तुम्ही निर्धास्त राहा, आकडा कसा पुरा करायचा ते माझ्यावर सोडा. तिकडे पोरांचा एवढा कालवा चालला होता की ते 'बरं बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. सबाला मी तुटीचं काहीच बोलले नाही. ऐन लढाईच्या तोंडावर पोरीचं मन कशाला खचवायचं?

तर सकाळी पावणेसहाच्या बसने आम्ही निघालो. माझ्या गळ्यात लाल फितीचं 'व्यवस्थापक' असं कार्ड, काखेत जब्बारभाईंनी मुलीला प्रवासात थंडी वाजू नये म्हणून दिलेली नवी कोरी रजई. आता धरणगावहून धुळ्याला जाताना सोनगीर लागत नाही, हे मला माहीत आहे. पण सोनगीरला माझी थोरली बहीण मंजुळाबाई राहते, आणि तिच्या हातची वरण-बट्टी खाऊन उठलेला माणूस वजनाने उणा निघालाय असं कधी झालेलं नाही. धुळ्यातली वजनं दुपारी दोन ते चार होती. वेळ मुबलक होता. म्हटलं, तूट सोनगीरला भरून काढू.

मंजुळाबाईने दारातच सबाचे दोन्ही दंड दाबून पाहिले, बाजारात भरताची वांगी दाबून पाहतात तसे.

"माय वं! हाई पोर शे का अगरबत्ती शे?" ती मला म्हणाली. "आणि इले तू मारामारी कराले लई जाई ऱ्हायनी?"

पुढचं सगळं तिने हातात घेतलं. तुपात तळलेल्या बट्ट्या, वर तुरीचं वरण, वरणावर पुन्हा तूप, बाजूला हिरव्या मिरचीचं भरीत. सबा ताटाकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अक्का, वजन आहे ना."

"मला माहीत आहे वजनाचं," मी तितक्याच हळू म्हटलं. "म्हणूनच सांगते, खा."

तिने माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं. नंतर तिने मला सांगितलं की तिला वाटलं, सरांनी अक्कांना काहीतरी वेगळं सांगितलं असेल, कार्ड आहे म्हणजे माहिती असणारच. पोर दोन दिवस काकडी आणि अर्ध्या भाकरीवर होती. तिने पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि त्यानंतर मंजुळाबाईला फारसा आग्रह करावा लागलाच नाही. तरी तिने केला. "बठ्ठं खावानं, ताटमा काहीच ठेवानं नही," असं म्हणत ती वाढत गेली. चार बट्ट्या झाल्या. भरीत तिखट म्हणून दोन तांबे ताक झालं. शेजारची बाई पाहुणी आली म्हणून केळी घेऊन आली, तीही दोन झाली. मी मनातल्या मनात मोजत होते. चारशे ग्रॅम तर झालेच असतील, पण कापसात वाटेतली घट धरतात, तशी वर थोडी धरलेली बरी. म्हणून अजून अर्धी बट्टी मी स्वतःच्या हाताने तिच्या ताटात टाकली.

ती अर्धी बट्टी मला अजून स्वप्नात दिसते.

धुळ्याच्या क्रीडासंकुलात पोहोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. एकीकडे खो-खो, दुसरीकडे कुस्ती, मध्ये भोंग्यावर कोणीतरी सतत हरवलेल्या पाण्याच्या बाटल्यांची वर्णनं सांगत होतं. कराटेच्या वजनाच्या खोलीत यावलचे पुना सर नावाचे एक गंभीर गृहस्थ काट्याशेजारी वही घेऊन बसले होते. सबा काट्यावर चढली.

अठ्ठेचाळीस किलो सातशे!

मी टाळी वाजवली. खोलीत दुसऱ्या कोणीच वाजवली नाही.

कुंदन सर भिंतीशी उभे होते. त्यांनी आकडा पाहिला आणि ते हळूहळू खाली बसले. सबा काट्यावरच उभी होती. पुना सर म्हणाले, "अठ्ठेचाळीसच्या वर आहे. गटात बसत नाही. चारपर्यंत वेळ आहे, तोवर उतरवता आलं तर बघा, नाहीतर बाद."

"वर आहे म्हणजे चांगलंच ना?" मी विचारलं.

सर म्हणाले, "अक्का, अठ्ठेचाळीसच्या आत लागतं. आतच होती ती. चारशे ग्रॅम आत होती."

बावीस वर्षांचा काटा माझ्या डोक्यात उलटा झाला. मी ज्याला तूट म्हणत होते ती पोरीने दोन दिवस उपाशी राहून कमावलेली होती, आणि मी सोनगीरला बसून ती तुपाने बुजवली होती. सबा काट्यावरून उतरली. मला वाटलं, रडेल, चिडेल, निदान एखादा शब्द तरी टाकेल. तिने चपला घातल्या आणि विचारलं, "अक्का, किती वाजले?" मला त्या क्षणी कोणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

सरांनी मार्ग सांगितला. पळायचं. अंगावर असेल नसेल ते घालून पळायचं, घाम काढायचा, मध्ये पाणी नाही. त्यांना मुलांच्या लढतीला जायचं होतं, आणि मुलीला मैदानावर एकटं सोडायचं नाही असा नियम होता. म्हणजे कोण पळणार? गळ्यात कार्ड कोणाच्या?

ऑक्टोबरचं ऊन, वेळ अडीच, जागा धुळे. सबाने दोन जर्सी घातल्या, वर सरांचा रेनकोट, त्यावर माझी शाल, आणि सगळ्यावर जब्बारभाईंची रजई, सुतळीने बांधून. बिचाऱ्या बापाने मुलीला ऊब मिळावी म्हणून दिली होती. मिळाली! आणि तिच्या मागे पिवळ्या साडीतली मी, कमरेला पदर खोचून. पहिली फेरी मी मानाने पळाले, दुसरी निर्धाराने, तिसऱ्या फेरीला माझे पाय आपापल्या मर्जीने येत होते. खो-खोची पोरं खेळ थांबवून बघायला लागली. भोंगेवाल्याने आधी सूचना केली की पालकांनी मैदानावर पळू नये. नंतर त्याला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, "पिवळ्या साडीतल्या ताई मागे पडल्यात, त्यांना टाळ्यांनी साथ द्या!" लोकांनी दिली.

चौथ्या फेरीला समोरून एक गोधडी पळत आली.

गोधडीतून एक लालबुंद तोंड बाहेर आलेलं, आणि मागे एक धापा टाकणारी बाई. सबा थबकली. ते तोंड तिने वर्षभर रोज पहाटे लाथाडलं होतं. कामिनी!

तिच्यामागची बाई तिची आत्या, रूपाताई. आम्ही दोघी बसायला जागा दिसताच बसलो आणि दोन मिनिटांत सगळं एकमेकींना सांगून मोकळ्या झालो. कामिनी सकाळी बरोबर अठ्ठेचाळीस होती. रूपाताईंना वजनाचा नियम नीट ठाऊक होता. पण घरातून निघताना हातावर दही-साखर द्यायची ती दिली, दह्याने तोंड आंबट झालं म्हणून एक पुरणपोळी दिली, आणि एकच वाढणं बरं नाही म्हणून दुसरी दिली. "नियम माहीत असून केलंत?" मी विचारलं. रूपाताई म्हणाल्या, "पोळी गरम होती हो." मला एकदम हलकं वाटलं. मी निदान अडाणी होते.

मुली एव्हाना एकाच दिशेने पळत होत्या. आधी मध्ये दहा हात अंतर होतं, मग पाच, मग शेजारी शेजारी. आमच्यासमोरून जाताना एवढं कानावर आलं:

"तुझं किती?"

"पाचशे. तुझं?"

"सातशे."

"काय खाल्लंस?"

"बट्टी."

कामिनीने गोधडी सावरली. मग म्हणाली, "तुपातली?"

याच वेळी झुलालनाना आले. प्रथमोपचाराच्या मंडपात बसलेले हे पांढऱ्या टोपीतले नाना, दयेने ओथंबलेले. भर उन्हात दोन पोरी रजईत बांधून पळवल्या जातायत आणि दोन बाया सावलीत बसून 'पळा, पळा' म्हणतायत, हे दृश्य त्यांनी लांबून पाहिलं. त्यांचा जो समज व्हायचा तो झाला. हातात लिंबू सरबताची किटली आणि मोठे स्टीलचे पेले घेऊन ते थेट मुलींसमोर आडवे उभे राहिले.

"काय वं बाई, पोरीसले मारी टाकशी का?" ते माझ्यावर कडाडले आणि पेला सबाच्या ओठाला लावायला निघाले.

आता सबाला मोठ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे सोनगीरला मी पाहिलं होतं. एक पेला म्हणजे पाव किलो! मी कशी उठले मला माहीत नाही. पळत गेले, पेला ओढला आणि घटाघटा रिकामा केला. नानांना वाटलं बाई फारच तहानलेली आहे. त्यांनी दुसरा भरला, कामिनीसाठी. तोही मी प्यायले. तिसरा भरला, तोही! रूपाताईंनी चौथ्याला हात लावला असता, पण त्या अजून उठतच होत्या. चौथा प्यायल्यावर नाना गहिवरून म्हणाले, "पी माय, पी. कवयपासून तहानी शे काय माहीत." आणि किटली रिकामी झाल्यावरच समाधानाने परत गेले. मी सावलीत येऊन बसले तेव्हा पोटात विहीर भरल्याचा आवाज येत होता.

पावणेचारला वजनाच्या खोलीत गेलो. कामिनी आधी चढली. सत्तेचाळीस नऊशे पन्नास. पुना सरांनी वहीत खूण केली. ती सुटली.

सबा चढली. अठ्ठेचाळीस दोनशे.

कानातलं काढलं, पिना काढल्या, केसांतलं रबर काढलं. गळ्यातला ताईत काढून तिने माझ्या मुठीत ठेवला. अठ्ठेचाळीस एकशे साठ. चाराला नऊ मिनिटं.

मी पुना सरांसमोर हात जोडले. म्हटलं, पोरगी घामाने ओली आहे, आमच्याकडे कापसाला ओलाव्याची कट धरतात, तुम्ही दोनशे ग्रॅम ओलावा म्हणून वजा करा. पुना सरांनी चष्मा वर केला. म्हणाले, "बाई, मी यावलचा. आमच्याकडे केळीच्या घडाला दांड्याची कट धरतात. हिच्यात दांडा कोणता ते दाखवा, धरतो."

कोपऱ्यात सबा भिंतीला टेकली होती. डोळे भरले होते, पण तिने ते पुसले नाहीत. माझ्या मनात आलं, त्या वाटेने तरी दहा-वीस ग्रॅम जातील. लाज वाटली मला, पण विचार आलाच.

तेवढ्यात कामिनी, जी एव्हाना आत्यासोबत नवी पोळी खायला जायला मोकळी होती, ती परत आली. हातात हिरव्या चिंचा. बाहेरच्या गाडीवरून आणल्या होत्या.

"चाव," ती सबाला म्हणाली. "गिळू नको. थुंकत राहा आणि पायऱ्या चढ-उतर कर."

सबा तिच्याकडे बघतच राहिली. मीही. मी म्हटलं, "पोरी, ही बाद झाली तर तुझाच फायदा आहे ना?"

"काकू, मी वर्षभर हिच्यासाठी पळतेय," कामिनी म्हणाली. "ही आली नाही तर मी मारू कोणाला?"

आणि तिने सबाचा हात धरून तिला जिन्यावर ओढलं. पुढची सहा मिनिटं त्या जिन्यावर जे थुंकणं झालं त्याचं वर्णन मी सभ्य वाचकांसमोर करणार नाही. चिंच बघून खोलीतल्या निम्म्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, ते फुकट गेलं एवढंच. चाराला दोन मिनिटं असताना सबा काट्यावर चढली. आकडा हलला, डुलला, अठ्ठेचाळीस शून्य दोन, शून्य एक... पुना सर आकड्याकडे बघत म्हणाले, "श्वास सोड, पोरी." श्वासाला वजन असतं की नाही मला माहीत नाही. तिने सोडला.

अठ्ठेचाळीस शून्य शून्य.

रूपाताईंनी मला मिठी मारली. त्या मिठीने मला एका वेगळ्याच गोष्टीची आठवण झाली, पण ती गोष्ट म्हणजे नानांचे चार पेले, आणि ती वेळ आठवण काढायची नव्हती. मुलींना खजूर आणि पाणी द्यायचं होतं, सबाचा पांढरा पोशाख शोधायचा होता, रजई वाळत टाकायची होती. मग लढती सुरू झाल्या. गटात चौघीच मुली होत्या. सबाने पहिली लढत जिंकली, कामिनीनेही जिंकली. या दोन्ही मी या डोळ्यांनी पाहिल्या, पायावर पाय दाबून का होईना.

मग शेवटची लढत पुकारली. धरणगावची सबा, धुळ्याची कामिनी.

कुंदन सर दुसऱ्या मॅटवर मुलाच्या लढतीत अडकले होते. मॅटच्या बाजूला प्रशिक्षकाची एक खुर्ची असते, तिथे आपलं माणूस असावं लागतं. सरांनी लांबूनच मला खूण केली. नंतर धावत येऊन म्हणाले, "अक्का, काही करायचं नाही. फक्त खुर्चीवर बसून राहायचं. मुलीला मागे वळून पाहिल्यावर आपलं कोणीतरी दिसलं पाहिजे."

मी बसले. मुलींना अजून हातमोजे घालायचे होते, पंचांचं आपसांत काही बोलणं चाललं होतं. पाच मिनिटं तरी लागतील असं शेजारचा म्हणाला. आणि माझ्याच्याने अर्धं मिनिटही निघणार नव्हतं! मग मी तेच केलं जे आपण एसटीत करतो. खुर्चीवर माझी निळी पिशवी ठेवली, जागा धरली, आणि निघाले.

बायकांच्या स्वच्छतागृहासमोर अकरा जणी रांगेत होत्या. सगळ्या खो-खोच्या, एकाच संघाच्या, म्हणजे कोणी कोणाला पुढे जाऊ देईना. मी कार्ड दाखवलं. त्यांच्या व्यवस्थापिकेनेही कार्ड दाखवलं. आत असताना मी हॉलमधून आरडाओरड ऐकली. मग एकदम शांतता. मग इतका मोठा गलका की वरचा पत्रा हलला.

मी बाहेर पळत आले तेव्हा मॅट रिकामी होती. पलीकडे पायरीवर सबा आणि कामिनी शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींची तोंडं लाल, दोघींचे डोळे ओले, दोघी हसत होत्या, आणि दोघींच्या मध्ये रूपाताईंचा पुरणपोळीचा डबा. कोण जिंकलं ते बघून कळायला मार्ग नव्हता.

रूपाताईंनीच सांगितलं. सबा जिंकली. पाच-चार. शेवटच्या तीन सेकंदांत उजव्या पायाची लाथ, कामिनीच्या कानाजवळून. "काय पोर आहे हो तुमची!" त्या म्हणाल्या. "दिसलं ना तुम्हाला?"

"दिसलं म्हणजे!" मी म्हटलं. तिथून खोटं सुरू झालं.

सबाने मला काहीच विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये तिने पदक माझ्या हातात दिलं, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि अमळनेर येईपर्यंत झोपली. मधे एकदा डोळे न उघडता म्हणाली, "अक्का, तुम्ही आलात म्हणून झालं." मी तिच्या केसांवरून हात फिरवला. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आणि हे, तुम्हाला सांगते, फार क्वचित होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र जब्बारभाईंच्या दुकानात अर्धी गल्ली जमली. पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर मला मानाने बसवलं. सकीना म्हणाली, अक्का, अगदी पहिल्यापासून सांगा. सोनगीरचा भाग मी थोडक्यात उरकला. पण शेवटची लढत! ती मी अशी रंगवली की काय सांगू. कामिनीचा पहिला ठोसा, सबाची झुकांडी, मी खुर्चीतून कशी अर्धी उठले, पंचांनी मला कसं डोळ्यांनी बसवलं, शेवटचे दहा सेकंद मी 'उजवा पाय, सबा, उजवा पाय' म्हणून कशी ओरडत होते. ओरडून ओरडून आवाज बसला, हे बघा, अजून नीट निघत नाही. सकीनाने पदराने डोळे टिपले. सबा दारात उभी राहून ऐकत होती, खाली मान घालून. मला वाटलं, लाजतेय.

जब्बारभाईंचा फोन वाजला. कामिनीच्या आत्याने लढतीचा व्हिडिओ पाठवला होता.

सगळे फोनवर वाकले. मीही वाकले, कारण उत्सुकता मलाही तेवढीच होती. लढत खरंच सुंदर होती. शेवटची लाथ अगदी रूपाताईंनी सांगितली तशीच. पंचांनी हात वर केला. आणि मग सबा, रिवाजाप्रमाणे आपल्या प्रशिक्षकाला वाकायला, मागे वळली. खुर्चीवर निळी पिशवी होती. बाजूने कोथिंबिरीची जुडी बाहेर आलेली. सबा क्षणभर थांबली. मग दोन्ही हात मांड्यांना लावून, कंबरेत वाकून, तिने माझ्या पिशवीला मनोभावे नमस्कार केला.

जब्बारभाईंनी व्हिडिओ मागे घेतला, पुन्हा पाहिला, फोन कानाला लावून आवाजही ऐकला. मग माझ्याकडे न बघता, रजईत सुई खुपसत ते म्हणाले, "अक्का, तुमची पिशवी भारीच ओरडली हो."

मी घसा खाकरला आणि सकीनाला म्हटलं, "चहात आलं जरा जास्तच टाक. बोलवत नाहीये."